जिभेमागची गाठ

मुलीने आ केला आणि जिभेच्या अगदी मागे, मधोमध, लालसर गुळगुळीत फुगवटा दिसला, की आईबाबांच्या काळजात चर्र होतं. "डॉक्टर, कॅन्सर तर नाही ना?" ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. पण पाठोपाठ येतो तो "मग कधी काढायची?" हा प्रश्न. तिथे मला तुम्हाला थोपवायचंय.

असा फुगवटा म्हणजे जागा चुकलेली थायरॉइड ग्रंथी असू शकते. गर्भ तीन-चार आठवड्यांचा असताना थायरॉइड जिभेच्या मुळाशी तयार होऊ लागते आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास खाली सरकत श्वासनलिकेपुढे येऊन बसते. काही बाळांत ती निघतच नाही किंवा वाटेत अडकते. जागा चुकलेल्या अशा ग्रंथींपैकी सुमारे ९० टक्के जिभेच्या मुळाशीच सापडतात, मुलींमध्ये जास्त. आईने गरोदरपणी काय खाल्लं, ग्रहण पाळलं की नाही, याचा इथे काडीचाही संबंध नाही. घरात कुणी असं बोलत असेल तर बाबांनी तिथल्या तिथे गप्प करावं.

आता मुख्य गोष्ट. यातल्या बहुतेक मुलांच्या शरीरात दुसरी थायरॉइड नसतेच. जिला आपण गाठ म्हणतो, तीच एकुलती एक ग्रंथी! म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी विचारा, "गळ्यात नेहमीच्या जागी थायरॉइड आहे का?" गळ्याची सोनोग्राफी, रक्तातलं टीएसएच आणि टी-४, गरज पडल्यास थायरॉइड स्कॅन यांतून उत्तर मिळतं. गळ्यावर मधोमध आलेल्या गाठीलाही हेच लागू.

ही ग्रंथी काम करते, पण बऱ्याचदा कमी पडते. मग तिला कामाला लावणारं, मेंदूकडून येणारं टीएसएच हे संप्रेरक वाढतं आणि त्या दट्ट्याने ती फुगते, विशेषतः वयात येताना. लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू केली की हा दट्ट्या कमी होतो आणि फुगवटा हळूहळू आकसू शकतो. श्वास अडत असेल, घास उतरत नसेल, रक्त येत असेल, तेव्हाच शस्त्रक्रियेचा विचार.

ही कमतरता लवकर कळावी म्हणून नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन टीएसएच तपासतात. आपल्याकडे ही तपासणी सगळीकडे आपोआप होत नाही, मागून घ्या. दोष आढळला तर दोन आठवड्यांच्या आत गोळी सुरू झालेली बरी, कारण पहिली तीन वर्षं मेंदूच्या वाढीची. गोळी दोन चमच्यांच्या मध्ये चुरडायची, थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवून लगेच पाजायची. बाटलीभर दुधात मुळीच नको. बाळाने अर्धी बाटली सोडली की अर्धी गोळी गेली. लोहाचं, कॅल्शियमचं औषध चार तासांच्या अंतराने.

आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नका. तो नॉर्मल आलाय गोळीमुळेच. जागा चुकलेल्या थायरॉइडच्या बहुतेक मुलांना ती जन्मभर लागते. वजन वाढेल तसा डोस बदलेल, पण तो डॉक्टरांना विचारूनच.