रॉबर्ट गिल : अजिंठ्याची चित्रे उतरवणारा चित्रकार (पाठ व उपक्रम)



मागे चौथीच्या वर्गात एका मुलाने पुस्तकातला हत्ती बघून अगदी हुबेहूब काढला. मी पटकन बोलून गेले, "अरे, ही तर नक्कल आहे. स्वतःच्या मनाचं काढ ना काहीतरी!" त्यानंतर बरेच दिवस त्याने चित्रकलेची वही उघडली नाही. माझं काय चुकलं, ते रॉबर्ट गिल यांच्याविषयी वाचताना समजलं. म्हणून आजचा हा पाठ.

कोण होते रॉबर्ट गिल?

गिल यांचा जन्म १८०४ साली इंग्लंडमध्ये झाला. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत अधिकारी होते आणि उत्तम चित्रकारही होते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यामुळे अजिंठ्याची लेणी पुन्हा जगासमोर आली. भिंतींवरची चित्रं ओल, धूर आणि वटवाघळांमुळे खराब होत होती. तेव्हा छायाचित्रण नुकतंच जन्माला आलं होतं आणि त्यात रंग येत नव्हते. चित्रं टिकवायची तर कुणीतरी समोर बसून ती हातानेच उतरवायला हवी होती. १८४४ मध्ये हे काम गिल यांच्याकडे आलं.

अजिंठा गावात राहून ते लेण्यांत काम करायचे. आत अंधार, बाजूला जंगल, तापाची साथ. अशात त्यांनी मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात चित्रं केली. १८६३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं, हे काम चाललं. पुढे ते कॅमेराही शिकले. त्यांनी काढलेल्या लेण्यांच्या छायाचित्रांचं पुस्तक १८६४ मध्ये लंडनला निघालं.

पारो हे नाव आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. १८५६ मध्ये ती वारली. तिची कबर अजिंठा गावात आहे. कवी ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' हे दीर्घकाव्य याच दोघांवर लिहिलं.

दोनदा लागलेली आग

गिल यांची चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली. वाचली ती मोजकीच.

पण काम थांबलं नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येऊ लागले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलेच एक विद्यार्थी. १८८५ पर्यंत त्यांनी पुन्हा चित्रं उतरवली. ती लंडनला गेली आणि १८८५ मध्येच तिथल्या आगीत त्यातलीही बरीच जळाली! उरलेल्या साहित्यावरून ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ काढला. पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्यासोबत नंदलाल बोस हे तरुण चित्रकार होते. बघून बघून काढताना हा हात तयार झाला आणि पुढे नंदलाल बोस भारतातले मोठे चित्रकार झाले.

हे आपल्या इतकं जवळ!

गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर आपल्या भुसावळला आहे. धरणगावहून सुरत लाईनची गाडी पकडली की जळगाव आणि पुढे भुसावळ. आपण लग्नाकार्याला कितीदा जातो, पण मुलांना ही कबर दाखवली का? मीही अजून दाखवलेली नाही. यंदा सहलीत नक्की घेऊ.

वर्गात करून बघा

१. गेरू, पिवळी माती, काजळ आणि चुना घ्या. अजिंठ्याच्या कलाकारांचे बरेचसे रंग असेच माती-दगडाचे होते.
२. डिंकाचं पाणी घालून रंग कालवा. चुना मात्र शिक्षकांनीच हाताळावा.
३. पुठ्ठ्यावर माती, शेण आणि भाताचं तूस यांचा गिलावा देऊन वाळवा. अजिंठ्याच्या भिंतींवरही माती, तूस आणि तंतू यांचाच गिलावा आहे.
४. एक चित्र समोर ठेवा. आधी पाच मिनिटं फक्त बघायचं, मग काढायचं.
५. शेवटी विचारा : "काढताना असं काय दिसलं, जे आधी दिसलं नव्हतं?"

हा पाचवा प्रश्न सोडू नका. खरा पाठ तोच आहे.

पालकांना एक विनंती

"चित्रं काढून पोट भरतं का?" असं मुलांसमोर म्हणू नका. आणि लेणी बघायला गेलात तर भिंतीला हात लावू देऊ नका, नाव तर मुळीच कोरू देऊ नका. दोनदा जळाल्या त्या नकला. मूळ चित्र गेलं तर ते पुन्हा येणार नाही.

हा पाठ मी वर्गात घेतला तेव्हा तो हत्तीवाला मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, देखीसन काढं तं चाली का?" मी म्हटलं, "चालेल बाळा. आणि त्या दिवशी माझं चुकलं होतं." अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातही हत्ती आहेत. त्याला मी त्यांचाच फोटो दिला आहे. सध्या तो सोंडेपर्यंत पोहोचला आहे.

तुमच्या वर्गात हा उपक्रम कसा झाला, जरूर कळवा.