समुद्राचा वाटा

(किनाऱ्यावरच्या शिंपल्या कोणा एकाच्या मालकीच्या नसतात. म्हणूनच त्या जपण्याची जबाबदारी सर्वांची असते. शिंपल्या कशा वाढतात, त्या किती घ्याव्यात आणि किती राखाव्यात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग पेण सोडल्यावर वडखळला येतो. येथे रस्त्याला फाटा फुटतो. एक रस्ता नागोठण्यावरून पुढे कोकणात जातो. दुसरा रस्ता उजवीकडे वळतो, धरमतरच्या पुलावरून अंबा नदी ओलांडतो आणि पोयनाडमार्गे अलिबागला पोहोचतो. सुट्टीच्या दिवशी वडखळच्या नाक्यावर मोटारींची लांब रांग लागते. त्यांतील बरेच लोक अलिबाग, वरसोली, किहीम किंवा नागावच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघालेले असतात.

वडखळ हे अगदी समुद्रकाठचे गाव नाही. तरी समुद्र येथून फार दूरही नाही. धरमतरच्या खाडीतून भरतीचे खारे पाणी दिवसातून दोनदा आत शिरते आणि दोनदा मागे हटते. या भरती-ओहोटीलाच तुम्ही उर्दूत मद्द-ओ-जझ्र म्हणता. ओहोटी लागली, की खाडीकाठचा चिखल उघडा पडतो. चिखलात चिंबोऱ्यांची बिळे दिसू लागतात. खडकांना चिकटलेली कालवे उघडी पडतात. तिकडे अलिबागच्या बाजूला समुद्राची पुळणही दूरवर मोकळी होते. त्या ओल्या वाळूखाली शिंपल्या असतात. त्यांना कोणी तिसऱ्या म्हणतात, कोणी शिवल्या म्हणतात. खुबे हाही शिंपल्यांचाच एक प्रकार आहे.

या शिंपल्या केव्हा मिळतात, हे चंद्र सांगतो. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास भरती मोठी येते आणि ओहोटीही मोठी लागते. या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात. भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब किनाऱ्यावरच्या लोकांना तोंडपाठ असतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. तुमच्या घरी चांदाची तारीख पाहतात ना? ती बहुधा तिथीपेक्षा एक-दोन दिवस मागे असते. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजावी लागते. एवढे लक्षात ठेवले, तर हा हिशेब तुम्हालाही करता येईल.

ओहोटीची वेळ साधून खाडीकाठच्या कोळी, आगरी आणि कातकरी स्त्रिया टोपल्या घेऊन चिखलात उतरतात. खडकाला घट्ट चिकटलेले कालव लोखंडी हत्याराने फोडावे लागते. तिसऱ्या काढण्यासाठी हाताने वाळू उकरावी लागते. कालवाच्या कडा धारदार असतात. त्या हातापायांना लागतात. दोन-तीन तास कंबर वाकवून काम केल्यावर टोपली भरते. तोपर्यंत पाणी चढू लागते. मग हा माल बाजारात येतो. बाजारात तिसऱ्यांचे लहान लहान ढीग मांडून विकतात. या ढिगाला ‘वाटा’ म्हणतात. अशा वाट्यांवर अनेक घरांची चूल पेटते. कोळी, आगरी, कोकणी मुसलमान अशा किनाऱ्यावरच्या अनेक घरांत तिसऱ्यांचे कालवण आवडीने खाल्ले जाते.

शिंपल्या गोळा करणारे आणखीही लोक असतात. ते सुट्टीला आलेले असतात. मुले वाळू उकरतात. एक शिंपली सापडते, मग दुसरी सापडते. मोठी माणसेही त्यांच्यात सामील होतात. बघता बघता पिशवी भरते. यात वाईट काही नाही. किनाऱ्यावर जाऊन दोन शिंपल्या वेचणे हा मोठा आनंद आहे. पण एक प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा. पिशवी भरली, म्हणजे आपली गरज भागली. की गरज आधीच भागली होती आणि आपण केवळ हौसेने भरत राहिलो?

या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी शिंपलीचे जीवन पाहू. शिंपली दोन टणक शिंपांच्या आत राहते. ती वाळूत स्वतःला पुरून घेते आणि दोन बारीक नळ्या वर काढते. एका नळीने पाणी आत घेते, त्यातले सूक्ष्म अन्न गाळून खाते आणि दुसऱ्या नळीने पाणी बाहेर सोडते. अशा रीतीने ती पाणी स्वच्छही करते. तिची अंडी पाण्यातच फुटतात. त्यांतून निघालेली पिल्ले डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी लहान असतात. ती दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात, मग तळाशी बसतात आणि हळूहळू वाढू लागतात. लाखो पिल्लांतून फार थोडी जगतात. जी जगते, तिने निदान एकदा तरी अंडी घातली पाहिजेत. त्याआधीच ती आपल्या पिशवीत गेली, तर पुढची पिढी कोठून येणार? शेतकरी बियाण्याचे धान्य दळायला देत नाही. लहान शिंपली ही समुद्राचे बियाणे आहे.

आता थोडे गणित करू. समजा, एका रविवारी एका किनाऱ्यावर २०० माणसे आली. प्रत्येकाने १०० शिंपल्या नेल्या. एकूण २०,००० शिंपल्या गेल्या. प्रत्येकाने फक्त २० नेल्या असत्या, तर ४,००० गेल्या असत्या. उरलेल्या १६,००० शिंपल्या वाळूतच राहिल्या असत्या. ‘मी एकट्याने जास्त घेतल्याने काय बिघडते?’ असे प्रत्येकाला वाटते. पण किनाऱ्यावर कोणी एकटा नसतो.

मर्यादा पाळली नाही तर काय होते आणि पाळली तर काय होते, या दोन्ही गोष्टी केरळच्या लोकांनी अनुभवल्या आहेत. कोल्लम शहराजवळ अष्टमुडी नावाचे मोठे सरोवर आहे. ते समुद्राला जोडलेले आहे. तेथे तिसऱ्या पुष्कळ मिळतात. त्यांना व्हिएतनाम, थायलंड, मलेशिया या देशांतून मागणी येऊ लागली. लोक अधिकाधिक तिसऱ्या काढू लागले. १९९१ साली सुमारे १०,००० टन तिसऱ्या निघाल्या. पण १९९३ साली हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. लोक जागे झाले. नियम ठरले. डिसेंबर ते फेब्रुवारी या अंडी घालण्याच्या काळात तिसऱ्या काढायच्या नाहीत. जाळ्याची भोके मोठी ठेवायची, म्हणजे लहान तिसऱ्या खाली पडतील. फार लहान तिसऱ्या परदेशी पाठवायच्या नाहीत. यंत्राने तळ उपसायचा नाही. हे नियम पाळल्यामुळे सरोवर पुन्हा भरले. २०१४ साली मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेने अष्टमुडीला प्रमाणपत्र दिले. असे प्रमाणपत्र मिळवणारा हा भारतातील पहिलाच मासेमारीचा व्यवसाय होता. त्या लोकांनी काही महिने हात आखडता घेतला, म्हणून त्यांचे पोट पुढेही भरत राहिले.

हौसेने शिंपल्या वेचणाऱ्यांसाठीही काही देशांत नियम आहेत. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात उस्तऱ्यासारख्या लांबट शिंपल्या मिळतात. तेथे एका माणसाला एका दिवशी फक्त १५ शिंपल्या काढता येतात. प्रत्येकाने आपली पिशवी वेगळी ठेवायची असते. पहिल्या १५ शिंपल्या लहान असोत, मोठ्या असोत किंवा फुटलेल्या असोत, त्याच घ्याव्या लागतात. कारण या शिंपल्यांचे कवच नाजूक असते. एकदा उकरलेली शिंपली टाकून दिली, तर ती सहसा जगत नाही. आपल्याकडच्या तिसऱ्यांचे कवच मात्र टणक असते. लहान तिसरी लगेच वाळूत ठेवली, तर ती जगू शकते. म्हणून आपण लहान तिसरी परत ठेवावी. जसा जीव, तसा नियम.

आपल्या राज्यातही मासेमारीसाठी नियम आहेत. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ साली झाला. पावसाळ्यात माशांची वीण होते. म्हणून त्या काळात यंत्रचालित नौकांना मासेमारीची बंदी असते. २०२५ साली ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी होती. २०२३ साली राज्य शासनाने माशांच्या ५४ जातींसाठी कमीत कमी आकार ठरवून दिला. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर ते पकडायचे नाही. पण ओहोटीच्या वेळी वाळू उकरणाऱ्या मुलाच्या शिंपल्या मोजायला तेथे कोणी शिपाई उभा नसतो. तेथे आपले मोजमाप आपणच करायचे असते.

म्हणून किनाऱ्यावर जाल, तेव्हा या गोष्टी लक्षात ठेवा :

१. घरच्या एका वेळच्या जेवणाला पुरतील एवढ्याच शिंपल्या घ्या. किती घ्यायच्या, हे वाळूत उतरण्याआधी ठरवा.

२. दोन बोटांच्या रुंदीपेक्षा लहान शिंपली परत वाळूत ठेवा. लांब फेकू नका. जेथून घेतली तेथेच ठेवा.

३. शिंपल्या हाताने काढा. फावड्याने वाळू उपसू नका. खड्डा केला असेल तर बुजवा. उलटा केलेला दगड पुन्हा सुलटा ठेवा.

४. चिंबोरीच्या पोटाखाली अंड्यांचा पुंजका दिसला, तर तिला सोडून द्या.

५. गटाराचे किंवा कारखान्याचे पाणी जेथे मिळते, तेथल्या शिंपल्या खाऊ नका. शिंपली पाणी गाळते, तेव्हा पाण्यातली घाणही तिच्या अंगात साठते.

६. पाण्याकडे पाठ करून वेचत बसू नका. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत ओहोटीत चालत जाता येते, पण भरती आली की तोच रस्ता पाण्याखाली जातो. घरच्या मोठ्या माणसांना सांगितल्याशिवाय ओहोटीत दूर जाऊ नका.

७. ज्यांचे पोट या शिंपल्यांवर भरते, त्यांची जागा त्यांना मोकळी ठेवा.

बाजारात तिसऱ्यांचे वाटे लावताना एक वाटा गिऱ्हाइकाचा असतो. किनाऱ्यावर वेचताना एक वाटा समुद्राचाही असतो. तो न मागता द्यायचा असतो, कारण समुद्र मागत नाही. तो फक्त पुढच्या वर्षी रिकामी वाळू दाखवतो. तुमच्या मागून येणाऱ्या मुलांनी वाळू उकरली, तर त्यांनाही शिंपल्या मिळाव्यात असे तुम्हाला वाटते ना? मग त्यांच्या शिंपल्या आजच वाळूत राहू द्या.

शब्दार्थ

फाटा – मुख्य रस्त्यातून निघणारा दुसरा रस्ता. खाडी – समुद्राचे पाणी जमिनीत आत शिरते ती जागा. पुळण – समुद्रकाठची वाळूची जमीन. कालव – खडकाला चिकटून राहणारी एक प्रकारची शिंपली. चिंबोरी – खाडीतला मोठा खेकडा. पाऊणपट – चार भागांपैकी तीन भाग. कालवण – भाताबरोबर खायचा पातळ रस्सा. बियाणे – पेरण्यासाठी राखलेले धान्य. पुंजका – झुबका. हात आखडता घेणे – बेताने घेणे किंवा खर्च करणे. चूल पेटणे – घरात जेवणाची सोय होणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वडखळहून फुटणारा दुसरा रस्ता कोणती नदी ओलांडतो?
(आ) उधाण कोणत्या तिथींच्या सुमारास येते?
(इ) बाजारात ‘वाटा’ कशाला म्हणतात?
(ई) अष्टमुडी सरोवर कोणत्या शहराजवळ आहे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) वॉशिंग्टन राज्यात फुटलेली शिंपलीही घ्यावी लागते.
(आ) लहान शिंपलीला समुद्राचे बियाणे म्हटले आहे.
(इ) गटाराजवळच्या शिंपल्या खाऊ नयेत.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
अष्टमुडीच्या लोकांनी कोणते नियम केले? त्यांचा काय परिणाम झाला?

प्र. ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
भरती, उलटा, नाजूक, स्वच्छ.

प्र. ५. वाक्यांत उपयोग करा.
हात आखडता घेणे, चूल पेटणे, तोंडपाठ असणे.

उपक्रम : आजची तिथी दिनदर्शिकेत पाहा. पाठात दिलेल्या हिशेबाने भरतीची वेळ काढा. वर्तमानपत्रात छापलेल्या वेळेशी ती ताडून पाहा.