जुन्या येझदीची चिकटलेली पॅकिंग कशी काढावी?

प्रश्न : वडिलांची १९७४ सालची येझदी आम्ही दोघे भाऊ घरीच उघडून नव्याने बांधतो आहोत. हेड आणि ब्लॉक उतरवला, क्लचचे कव्हरही काढले. पण ब्लॉकखालची कागदी पॅकिंग निम्मी चेंबरला आणि निम्मी ब्लॉकला चिकटून राहिली आहे. क्लच कव्हरचीही तीच गत. रात्रभर पेट्रोलमध्ये भिजवलेला फडका ठेवून पाहिला, रॉकेल लावले, काही फरक नाही. गॅरेजचे मेस्त्री म्हणतात, पॉलिश पेपर मारा. शेजारचे काका ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून द्यायला तयार आहेत. एवढासा कागद इतका घट्ट का बसतो, आणि तो काढायचा कसा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. कागद एवढा घट्ट कशामुळे धरतो, हा पहिला. तो सुटताना खालच्या धातूला इजा कशी होऊ द्यायची नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कळले की दुसरे निम्मे सुटते, म्हणून त्याच क्रमाने जाऊ.

पॅकिंगचा कागद वहीच्या कागदासारखा नसतो. जुन्या इंजिनांच्या पॅकिंगसाठी बहुधा सरस आणि ग्लिसरीन मुरवलेला कागद वापरत. तंतूंमधल्या फटी सरसाने भरून निघतात आणि तेल किंवा पेट्रोल आरपार जात नाही. त्यावर इंजिन बांधताना मेस्त्री दोन्ही बाजूंनी शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, हात फिरवत. नट आवळले की कागद दाबला जातो आणि त्याचे तंतू धातूवरच्या बारीक रेघांत शिरतात. मग वर्षानुवर्षे इंजिन तापते आणि निवते. कडेने झिरपणारे तेल उष्णतेने आणि हवेने कडक होते, तव्याच्या कडेला जळून बसलेल्या तेलासारखे. थोडक्यात, तुमच्या पॅकिंगला तीन गोष्टींनी धरून ठेवले आहे : सरस, लाख आणि जळके तेल.

आता पेट्रोल का हरले, हे उघड होईल. पेट्रोल आणि तेल यांना दाद द्यायची नाही, हेच तर त्या कागदाचे काम. ज्या द्रवाशी तो जन्मभर झुंजला, त्यातच रात्रभर भिजवून तो कसा सुटेल? रॉकेल आणि डिझेल त्याच जातीचे. त्यांनी वरचे ओशट निघते, पण खालची पकड तशीच राहते. घरात पेट्रोलचा भिजका फडका रात्रभर ठेवणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे आहे, ते पुन्हा करू नका.

सरसाला गरम पाणी लागते, लाखेला स्पिरिट लागते आणि जळक्या तेलाला त्याहून कडक द्रावण लागते. म्हणून सौम्य उपायापासून सुरुवात करून पायरी-पायरीने वर जायचे.

सुरुवातीची तयारी महत्त्वाची. पॅकिंगचा सुटा झालेला एखादा चांगला तुकडा आधी जपून ठेवा आणि मायक्रोमीटरने त्याची जाडी मोजा. टू-स्ट्रोक इंजिनात ब्लॉकखालच्या पॅकिंगची जाडी बदलली की ब्लॉक वर-खाली होतो, पोर्ट उघडण्या-मिटण्याची वेळ सरकते आणि कॉम्प्रेशनही बदलते. त्यामुळे नवी पॅकिंग जुन्याच जाडीची हवी. नंतर चेंबरच्या तोंडात, कनेक्टिंग रॉडच्या भोवती, स्वच्छ आणि तंतू न सुटणारे कापड नीट कोंबा. या कामात पडणारा प्रत्येक कण बेअरिंगपर्यंत पोहोचू शकतो. ट्रान्स्फर पोर्टच्या खाचाही विसरू नका. मग रॉकेल आणि ब्रशने ओशटपणा काढून भाग कोरडा करा, कारण तेलाचा थर असेल तर पाणी कागदात शिरणारच नाही.

पहिली पायरी गरम पाण्याची. कडकडीत पाण्यात बुडवून पिळलेली पट्टी पॅकिंगवर ठेवा, निवली की बदला, असे अर्धा तास करा. सरस फुगला की कागद मऊ होतो आणि बराचसा भाग पापुद्र्याने सुटतो. काम झाल्यावर भाग लगेच पुसून कोरडा करा, ब्लॉक बिडाचा असल्याने ओला राहिला की गंजतो.

दुसरी पायरी स्पिरिटची. उरलेल्या भागावर स्पिरिटमध्ये भिजवलेली कापसाची पट्टी ठेवा आणि वरून प्लॅस्टिकचा कागद झाका, म्हणजे ते उडून जाणार नाही. लाखेचा तपकिरी थर चिकट होऊन सुटू लागतो. हे काम अंगणात करा आणि जवळपास विस्तव नको.

एवढ्याने न निघालेले डाग जळक्या तेलाचे असतात. त्यांच्यासाठी गॅस्केट रिमूव्हर किंवा रंग काढायचे जेलसारखे द्रावण वापरतात. ते पातळ लावून झाकून ठेवावे आणि डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा. त्यातल्या काही द्रावणांत मेथिलीन क्लोराइड असते. ते सुमारे ४० अंश सेल्सिअसलाच उकळते, म्हणून उन्हाळ्यात डबा सावकाश, तोंड दूर धरून उघडावा. त्याची वाफ फुफ्फुसांतून रक्तात गेली की शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद खोलीत काम करणाऱ्यांचे यामुळे मृत्यू झाले आहेत आणि अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी अशा रिमूव्हरची विक्री बंद केली. तेव्हा डब्यावरचा मजकूर वाचा. मेथिलीन क्लोराइड नसलेले मिळाले तर तेच घ्या, हातमोजे आणि चष्मा घाला आणि काम उघड्यावरच करा. रंगवलेल्या भागावर आणि रबरी सीलवर त्याचा थेंबही पडू देऊ नका.

आता खरवडण्याबद्दल. इथे दोन धातूंचा फरक लक्षात ठेवायला हवा. ब्लॉक बिडाचा आहे, तो कठीण असतो. त्याच्यावर धारदार ब्लेड जवळजवळ आडवे धरून चालवले तर सहसा काही बिघडत नाही. चेंबर आणि क्लच कव्हर मात्र अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. पोलादी छिन्नीचा किंवा स्क्रू-ड्रायव्हरचा कोपरा तिथे एकदा रुतला की खाच पडते. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमवर प्लॅस्टिकची, कठीण लाकडाची किंवा बांबूची पट्टी वापरा, फार तर पितळेची. कागद पुन्हा कोरडा झाला की जोर लावायचा नाही, पुन्हा भिजवायचे. चुकून रेघ उमटली तरी ती जोडाच्या लांबीच्या दिशेने असावी. आतून बाहेर जाणारी आडवी रेघ म्हणजे गळतीची आयती वाट असते.

येझदीत ही काळजी चारचौघा इंजिनांपेक्षा जास्त घ्यावी लागते, याचे कारण ती टू-स्ट्रोक आहे. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आधी चेंबरमध्ये येते, तिथे पिस्टन खाली येताना दाबले जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते. पिस्टन वर जाताना चेंबरमध्ये पोकळी होते. ब्लॉकखालच्या जोडात बारीक फट राहिली तर त्या वेळी बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण घटते, सिलिंडर जास्त तापतो आणि पिस्टन जाम होतो. तेलाचा डाग न दिसणारी ही गळती सगळ्यात महागात पडते. क्लच कव्हरमधून फक्त तेल ठिबकेल, म्हणून तिथली चूक तुलनेने स्वस्त असते.

या हिशेबाने मेस्त्री आणि काका यांचे सल्ले तपासू. पॉलिश पेपर बोटाने घासला की मऊ धातू आधी झिजतो, कठीण डाग तसेच राहतात आणि कडा गोल होतात. जोड वरून चकचकीत दिसतो, पण सपाट राहत नाही. शिवाय घासण्याचे कण सहसा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे असतात आणि ते पोलादी बेअरिंगलाही खातात. जनरल मोटर्सने आपल्या मेकॅनिकांना पॅकिंग काढताना घासणाऱ्या चकत्या वापरू नयेत, अशी लेखी सूचना याच कारणासाठी दिली होती. ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश त्याहून वाईट : तो क्षणात खड्डा पाडतो आणि तुटलेल्या तारा चेंबरमध्ये उडवतो.

त्यात आणखी एक धोका आहे. जुन्या पॅकिंगमध्ये, विशेषतः हेड आणि सायलेन्सर यांच्या जोडांत, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुफ्फुसांत गेली तर कर्करोग होऊ शकतो आणि तो काही दशकांनी उघडकीला येतो. पाहून अ‍ॅस्बेस्टॉस ओळखता येत नाही. म्हणून कुठलीही जुनी पॅकिंग ओली करूनच काढा, कोरडी घासू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका आणि निघालेले तुकडे ओलेच पिशवीत बांधून टाका.

कोणी कॉस्टिक सोडा सुचवेल, कारण लोखंडी भाग त्याने छान निघतात. पण कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातो, त्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि क्लच कव्हरची चकाकी जाऊन ते काळपट पडते. संडास साफ करायचे अ‍ॅसिडही तितकेच वाईट.

सगळे निघाले असे वाटले की पांढऱ्या कापडाला स्पिरिट लावून पृष्ठभाग पुसा. कापडावर तपकिरी डाग येईनासा झाला आणि नख फिरवल्यावर कुठे अडले नाही, की तो साफ झाला. मग सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का, ते पाहा. क्लच कव्हर थोडे वाकले असेल तर जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून, रॉकेल लावून, कव्हर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे हलक्या हाताने फिरवता येते. इथे तोच पॉलिश पेपर चालतो, कारण आधाराला सपाट काच आहे आणि भाग इंजिनापासून वेगळा असल्याने नंतर पूर्ण धुता येतो. चेंबरच्या तोंडाला खाच असेल तर मात्र चांगल्या लेथवाल्याला दाखवा.

बांधण्यापूर्वी चेंबरमधले कापड उचलून आत कचरा नाही, याची खात्री करा. स्क्रूच्या भोकांत साचलेले द्रावण टिपून घ्या. बंद भोकात द्रव राहिला आणि वरून स्क्रू आवळला तर दाबाने ओतीव भागाला तडा जाऊ शकतो. नव्या पॅकिंगला साधा सिलिकॉन बॉण्ड थापू नका. तो पेट्रोलने फुगतो आणि आत सुटलेला गोळा कुठेही जाऊन अडकतो. पृष्ठभाग खरोखर सपाट असेल तर चांगली पॅकिंग ग्रीसच्या पुसट हातावरही धरते आणि पुढच्या वेळी सहज सुटते.

शेवटी एक चाचणी जरूर करा. हेडसकट इंजिन बांधून झाल्यावर कार्ब्युरेटरचे तोंड आणि सायलेन्सरची दोन्ही तोंडे रबरी बुचांनी बंद करा. एका बुचातून नळी घेऊन तिला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि काटा जोडा. ३०० मिलिमीटरपर्यंत हवा भरा आणि जोडांवर साबणाचे पाणी लावा. बुडबुडा आला तर गळती तिथेच आहे. बुडबुडा नाही, तरी काटा भराभर उतरतो, तर क्रँकचे सील तपासा. काटा काही मिनिटे जागेवर राहिला, तर जोड नीट बसला आहे आणि गाडी निर्धास्त सुरू करायला हरकत नाही.