देहूरोडच्या आसपास घर घेताना

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात नोकरीनिमित्त येणारे कुटुंब उपनगर निवडताना शाळा किती लांब, भाडे किती, पाणी दिवसाआड की रोज, असे प्रश्न विचारते आणि ते योग्यच असतात. परंतु देहूरोडच्या परिसरात या सर्वांच्या आधी येणारा प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे घराखालची जमीन कोणाच्या अखत्यारीत येते. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापासून काही किलोमीटरच्या टापूत निरनिराळ्या सत्तांचे प्रदेश एकमेकांना खेटून आहेत. देहूरोड हे १९५८ मध्ये स्थापन झालेले छावणी क्षेत्र असून तेथील कारभार संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील कॅन्टोन्मेंट बोर्ड पाहते. रावेत, किवळे आणि तळवडे ही १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेली गावे आहेत. निगडी प्राधिकरण ही १९७२ च्या नवनगर विकास प्राधिकरणाने आखलेली वसाहत आहे, तर देहू गावात नगरपंचायत आहे. रस्त्याने जाणाऱ्याला यातील एकही सीमारेषा दिसत नाही. ती दिसते व्यवहाराच्या दिवशी, आणि बहुधा पैसे देऊन झाल्यावर.

या सीमारेषांपैकी सर्वांत महाग पडणारी रेषा रेड झोनची. देहूरोडला लष्कराचा दारूगोळा डेपो आहे. १९०३ च्या संरक्षणविषयक बांधकाम कायद्यानुसार अशा ठिकाणाच्या बाहेरच्या तटापासून २००० यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे १.८ किलोमीटरपर्यंत, लष्कराच्या लेखी परवानगीशिवाय नवे बांधकाम करण्यास मनाई करता येते आणि या मनाईखालील पट्ट्यालाच लोकभाषेत रेड झोन म्हणतात. तळवडे, रुपीनगर, निगडी, किवळे-विकासनगर या भागांचे कमीअधिक तुकडे त्यात येतात. एकाच उपनगराची एक गल्ली आत आणि पलीकडची बाहेर असू शकते, त्यामुळे उपनगराच्या नावावरून काहीही ठरत नाही. सर्व्हे नंबर, म्हणजे जमिनीचा महसुली क्रमांक, हाच एक आधार उरतो. निगडीच्या सेक्टर २२ मधील महापालिकेचा स्वतःचा झोपडपट्टी पुनर्वसन प्रकल्पसुद्धा याच कारणाने उच्च न्यायालयात अडकला. जेथे महापालिकेची ही गत, तेथे बाहेरगावाहून आलेल्या पगारदाराने कोणाच्या भरवशावर राहावे?

लातूर जिल्ह्यातून आलेल्या ज्या कुटुंबाच्या अनुभवावर हे विवेचन आधारलेले आहे, त्याने रेड झोनविषयी विचारले नव्हते असे नाही. चाकणच्या कारखान्यात नोकरी, मुलीचे आकुर्डीत महाविद्यालय आणि सोबत वृद्ध वडील, अशा तिहेरी गरजेतून त्यांनी तळवड्याच्या बाजूचे दीड गुंठ्यावरील दुमजली पक्के घर पाहिले, ज्याचा दर प्राधिकरणातील घरांच्या निम्म्याहूनही कमी होता. दर इतका का उतरला आहे, हे कुटुंबातील गृहिणीने मध्यस्थाला, म्हणजे बोलीत ज्याला एजंट म्हणतात त्याला, अगदी उंबऱ्यातच विचारले होते. मालकाला गावी जमीन घ्यायची आहे, पैशांची निकड आहे, असे त्याचे उत्तर होते. रेड झोनचा शब्द निघाला तेव्हा तो हसला. ‘ताई, ते फक्त कागदावर. तीस-तीस वर्षं माणसं राहताहेत इथं, कुणाची वीट तरी हलली का? पुढच्या इलेक्शनला उठतोय तो झोन,’ असे सांगून त्याने वीजबिल आणि महापालिकेची घरपट्टीची पावती पुढे केली. विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर मिळाल्यावर ‘आधी चौकशी करायला हवी होती’ असे कुटुंबालाच ऐकवणाऱ्या नातेवाइकांनी हा तपशील ध्यानात घ्यावा.

खरी परिस्थिती उघड झाली ती बँकेत. बँकेच्या यादीवरील वकिलांनी, म्हणजे कर्जापूर्वी मालमत्तेचे कागद तपासणाऱ्या विधिज्ञांनी, सातबारा उताऱ्यावर नजर टाकली, भिंतीवरच्या नकाशापाशी जाऊन पेन्सिलीचे मागचे टोक एका ठिकाणी टेकवले आणि संपूर्ण फाइल न उघडताच परत दिली. त्या उताऱ्यावर सामाईकात पंचवीसेक नावे होती, बांधकामाला मंजूर नकाशा नव्हता आणि सर्व्हे नंबर निःसंशय पट्ट्याच्या आत होता. बाहेर आल्यावर केलेल्या फोनला मध्यस्थाने दिलेले उत्तर या साऱ्या प्रकरणाचे सार आहे : ‘बँकेकडं गेलात कशाला? मी पतपेढीतून करून दिलं असतं.’ म्हणजे बँक नकार देणार, हे त्याला आधीपासून पक्के ठाऊक होते.

यातून निघणारा पहिला धडा विसार पावतीचा आहे. विसार म्हणजे सौदा पक्का करताना दिली जाणारी आगाऊ रक्कम. मालमत्तेच्या कागदांमुळे किंवा झोनमुळे कोणत्याही राष्ट्रीयीकृत बँकेने कर्ज नाकारल्यास ही रक्कम ठरावीक मुदतीत पूर्ण परत मिळेल, असे वाक्य पावतीत लिहून घ्यावे, रक्कम धनादेशाने आणि मालकाच्याच नावे द्यावी, आणि हे वाक्य लिहून द्यायला समोरचा का-कू करू लागला तर तेथूनच उठावे. सदर कुटुंबाने आधीच दिलेली विसाराची रक्कम ‘सौदा घेणाऱ्याने मोडला’ या सबबीवर अडवून ठेवण्यात आली असून मालक मध्यस्थाकडे आणि मध्यस्थ मालकाकडे बोट दाखवतो.

घरपट्टीच्या पावतीचा भ्रमही येथेच दूर केलेला बरा. महापालिका अनधिकृत बांधकामाकडूनही कर घेते, आणि कर घेतला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. अशा बांधकामांवर शास्तीकर, म्हणजे दंडाच्या स्वरूपाचा वाढीव कर, लागत असे. २०२३ मध्ये राज्य शासनाने पिंपरी-चिंचवडमधील थकीत शास्तीकर माफ केला तेव्हा अनेक मध्यस्थांनी ‘आता सगळं रेग्युलर झालं’ अशी आवई उठवली. माफ झाला तो दंड, बांधकामाचा दर्जा होता तोच राहिला.

छावणी क्षेत्रातील बाजार भागात घर पाहणाऱ्याने सातबारा शोधत बसू नये. तेथील नोंद जनरल लँड रजिस्टर या लष्करी मालमत्ता खात्याच्या नोंदवहीत असते. नोंद ‘ओल्ड ग्रँट’ अशी असल्यास जमीन सरकारची आणि वहिवाटदाराचा हक्क केवळ वरच्या इमारतीपुरता, असा त्याचा अर्थ होतो. प्राधिकरणातील भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहेत, म्हणजे तेथेही जमिनीची मालकी निर्भेळ नाही आणि हस्तांतरणास परवानगी व शुल्क लागते. तरीही कागद स्पष्ट असल्याने बँका तेथे हात आखडत नाहीत. सदर मध्यस्थ स्वतः प्राधिकरणातच राहतो, हे नंतर कळले.

अंतराचा हिशेब नकाशावर करू नये. देहूरोड हे पुणे-लोणावळा लोकलचे स्थानक असून आकुर्डी तेथून पुढचेच, त्यामुळे शिकणाऱ्या मुलांची सोय उत्तम आहे, मात्र दुपारी काही तास लोकल नसते हे वेळापत्रकात पाहून ठेवावे. चाकणला रेल्वे नाही. तळवडे-महाळुंगे मार्गावर आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर पाळी सुटण्याच्या वेळी कंटेनरच्या रांगेत जो वेळ जातो, त्याचा किलोमीटरशी काही संबंध नसतो. घर पाहण्याआधी कंपनीच्या बसचे थांबे कोणते, आणि विशेषतः तिसऱ्या पाळीची बस कोठपर्यंत येते, हे कारखान्यातील जुन्या कामगारांना विचारावे. ते मध्यस्थापेक्षा खरे बोलतात, कारण त्यांना दलाली मिळायची नसते. पाणी, दवाखाना, शाळा यांची चौकशी सर्वत्र करतात तशी येथेही करावी.

शक्य असल्यास पहिले वर्ष अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर काढावे आणि त्यात एक पावसाळा येईल असे पाहावे, कारण ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघते तेव्हा या भागातील कोणता रस्ता बंद असतो, कोणत्या गल्लीत पाणी साचते आणि कंपनीची बस त्या दिवशी कोणत्या वाटेने जाते, हे राहिल्याशिवाय कळत नाही. सदर कुटुंब सध्या रावेतला भाड्याने राहते. नवे घर पाहताना ते आता सर्व्हे नंबर आधी मागते, आणि तो देण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडे चहासुद्धा घेत नाही.