दुहेरी साक्षीचा दंड

इथेरियमच्या जाळ्यावर 32 इथर अनामत ठेवून व्हॅलिडेटर, म्हणजे ब्लॉकच्या साखळीविषयी आपल्या चावीने सही करून साक्ष देणारा घटक, चालविणाऱ्याच्या मनात जी पहिली धास्ती घर करते ती यंत्र बंद पडण्याची. आणि अनुभवाअंती मी निश्चयपूर्वक सांगतो की, त्या धास्तीतून उपजणारी उतावळीच पुष्कळदा त्याला जाळ्याबाहेर घालविते.

ज्या कंपनीकडे मी माझा व्हॅलिडेटर चालविण्यास दिला होता, तिच्या यंत्रगृहातील वीज 2024 साली एका रात्री गेली. व्हॅलिडेटर स्तब्ध झालेला पाहून तेथील कर्मचाऱ्याने कर्तव्यबुद्धीनेच त्याच्या चाव्या राखीव यंत्रावर चढवून ते सुरू केले. आणि पहाटे वीज परत येताच मूळ यंत्रही आपोआप जागे होऊन त्याच चाव्यांनी साक्षी देऊ लागले. दोहोंनी तंतोतंत एकच साक्ष दिली असती तर तो अपराध ठरला नसता. परंतु साखळीचा अग्रभाग कोणता, याविषयी दोन यंत्रांत क्षणभराचे अंतर पडले, एकाच एपोकसाठी, म्हणजे साडेसहा मिनिटांहूनही कमी अवधीच्या त्याच मुदतीसाठी, दोन भिन्न साक्षींवर माझी सही उमटली, आणि तो पुरावा दुसऱ्या कोणा व्हॅलिडेटरच्या ब्लॉकमध्ये नोंदला जाताच माझी बडतर्फी झाली. हेतूची चौकशी येथे होत नाही आणि अपीलही चालत नाही.

या शिक्षेला स्लॅशिंग म्हणतात, आणि तिचे स्वरूप फार थोड्यांस ठाऊक असते. त्या काळच्या नियमाप्रमाणे अनामतीचा बत्तिसावा हिस्सा, म्हणजे पुरा 1 इथर, तत्क्षणी कापला गेला (मे 2025 मधील पेक्ट्रा सुधारणेने हा हिस्सा 4096 वा, म्हणजे अगदी अल्प, केला आहे). उरलेली रक्कम सुमारे 36 दिवस अडकून पडली आणि त्या मुदतीत माझी गैरहजेरी लावून किरकोळ दंडही चालूच राहिला. मुदतीच्या मध्यावर आणखी एक हिशेब होतो: त्या सुमारास जाळ्यातील एकूण अनामतीपैकी किती हिस्सा स्लॅश झाला, त्याच्या तिप्पट प्रमाणात दुसरा दंड बसतो. एकट्या सापडलेल्यास तो जवळजवळ शून्य असतो. तृतीयांश जाळे एकदम सापडले तर सापडलेल्या सर्वांची सगळी अनामत जाते. हा नियम मला न्याय्य वाटतो, कारण संगनमताला धाक बसावा तर असाच. परंतु हजारो चाव्या एकाच ऑपरेटरच्या हाती सोपविणाऱ्यांनी त्याचा अर्थ आपल्यापुरता लावून पाहावा. स्लॅश झालेल्या चावीला जाळे पुन्हा कधीही दाखल करून घेत नाही.

गैरहजेरीचे तसे नाही. एक दिवस यंत्र बंद राहिले तर एरवी जेवढी कमाई झाली असती साधारण तेवढेच नुकसान होते, आणि ते दिवसाभराच्या हजेरीने भरून निघते. तृतीयांशाहून अधिक अनामत गैरहजर राहून साखळीचे निर्णय चार एपोकांपलीकडे खोळंबले, तरच दंड चढत जातो, आणि शिल्लक 16 इथरपर्यंत उतरलेल्यास जाळे बाहेर काढते; परंतु असे प्रसंग विरळा.

म्हणून यंत्र बंद पडले तर घाई करू नये. जुन्या यंत्रावरील चाव्या पुसल्या गेल्याची स्वतःच्या डोळ्यांनी खातरजमा करावी, तेथील स्लॅशिंग-प्रतिबंधक नोंदींची फाइल नव्या यंत्रावर आणावी, व्हॅलिडेटर काही एपोक साखळीवर मुका आहे ना हे पाहावे, आणि मगच नवे यंत्र सुरू करावे; तीच चावी अन्यत्र चालू असल्यास थांबवून धरणारी डॉपेलगँगर तपासणीही चालू ठेवावी, तिच्यापायी दोन-तीन एपोकांची कमाई बुडाली तरी बेहत्तर. काम दुसऱ्यावर सोपविले असेल तर रक्कम परत येण्याचा पत्ता आपल्याच ताब्यातला असावा. पेक्ट्रानंतर त्या पत्त्यावरून मालकास स्वतः व्हॅलिडेटर बंद करण्याची विनंती साखळीवर दाखल करता येते. आणि करारावर सही करण्यापूर्वी ऑपरेटरला एवढे अवश्य विचारा की, वीज जाऊन परत आली तर तुमचे जुने यंत्र आपोआप सुरू होते काय. त्याचे उत्तर लेखी घ्या.