आजाराचे मूळ शोधणारी विद्या

मे 2015 मध्ये बेंगळुरूच्या बेल्लंदूर तलावातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावरील फेसाने पेट घेतला. पाण्यावर आग लागल्याचे ऐकून अनेकांचा विश्वास बसेना. या विस्तीर्ण तलावात वर्षानुवर्षे शहराचे सांडपाणी येत होते. ते बांधावरून खाली कोसळले की त्यातील धुण्याच्या पावडरीच्या रसायनांमुळे फेसाचे ढीग उभे राहत आणि वाऱ्याबरोबर तो फेस रस्त्यावर उडे. पुढे फेब्रुवारी 2017 व जानेवारी 2018 मध्ये तलावाच्या पात्रातील गवत व कचरा पेटला. 2018 ची आग विझवण्यासाठी लष्कराचे जवान राबले.

अशा घटनेचा अभ्यास कोणी करावयाचा? फेस कशाचा, हे रसायनशास्त्रज्ञ सांगेल. धुरामुळे काठावरील वस्तीत श्वसनाचे विकार वाढतात काय, हे डॉक्टर पाहतील. सांडपाणी कोठे वळवावे, हा अभियंत्याचा प्रश्न. दोष कोणाचा, हा न्यायसंस्थेचा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2017 मध्ये या तलावाची स्वतःहून दखल घेतली होती. हे सर्व धागे एकत्र आणणाऱ्या विद्याशाखेस पर्यावरणीय आरोग्यविज्ञान म्हणतात. डॉक्टर रुग्णाला तपासतात. ही विद्याशाखा त्याच्या घरातील चूल, पिण्याचे पाणी, कामाची जागा आणि गल्लीतील गटार तपासते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीसाठी मुख्य विषयाच्या जोडीला एक गौण विषय निवडण्याची वाट मोकळी केली. कर्नाटकाने ती रचना 2021 मध्ये स्वीकारली. 2024 मध्ये मात्र राज्य पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळले. ‘गौण’ हा शब्द येथे दिशाभूल करतो. पर्यावरणीय आरोग्य हा विषय दुसऱ्या एखाद्या विषयाच्या जोडीनेच अधिक शोभतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आजारपणामुळे बुडालेल्या मजुरीचा हिशेब मांडू शकतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला आपल्या परीक्षानळीतील पाणी कोणाच्या तोंडी जाते, हे कळते.

बेंगळुरूच्या पूर्वेस असलेल्या कोलार जिल्ह्यात हा प्रश्न अधिक अवघड होतो. तेथील खोल कूपनलिकांच्या पाण्यात अनेक ठिकाणी फ्लोराइड आढळते. एका लिटरमध्ये दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी दीर्घकाळ प्याल्यास दातांवर डाग पडतात आणि प्रमाण फार वाढल्यास हाडे व सांधे ताठरतात. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड मात्र जात नाही.

या दुष्काळी भागातील भूजल वाढावे म्हणून 2018 पासून बेंगळुरूचे शुद्ध केलेले सांडपाणी कोलारच्या तलावांत सोडले जाऊ लागले. बेल्लंदूर ज्या कोरमंगल–चल्लघट्ट खोऱ्यात आहे, तेथूनच ते येते. त्याच वर्षी कोलारमधील तलावावरही फेस दिसला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. शेतकऱ्याला पाणी हवेच होते. ते विहिरीत पाझरून घरातील हंड्यात येईल, ही धास्तीही खोटी नव्हती.

अशा विहिरीच्या पाण्याची तपासणी करताना विद्यार्थ्याला त्यातील जंतू, जड धातू व फ्लोराइड मोजावे लागतात. त्याशिवाय ते पाणी कोण पितो, कोण केवळ पिकाला देतो, उन्हाळ्यात दुसरी विहीर आटल्यावर कोण तेथे येतो, याची घरोघर जाऊन नोंद घ्यावी लागते. हे दुसरे काम प्रयोगशाळेत होत नाही, आणि बहुधा तेच अधिक दिवस घेते.