फ्ल्यूची नवी लस : निर्णय कोणत्या कसोटीवर?

वैशाख उतरणीला लागला की चिपळूण परिसरातील घराघरांतून आगोटीची लगबग सुरू होते. कौले चाळली जातात, लाकूडफाटा पडवीत रचला जातो, मीठ-मिरची व सुक्या मासळीची बेगमी होते. याच दिवसांत आरोग्य केंद्रात, शाळेत आणि ग्रामसभेतही एक प्रश्न आता अधूनमधून विचारला जातो : फ्ल्यूची नवी लस आली आहे म्हणतात, ती घ्यावी काय? विचारणाऱ्याच्या मनात भय दुहेरी असते. रोगाचे आणि लशीचेही. शिक्षक, ग्रामसेवक किंवा पंचायत सदस्य यांनी अशा वेळी नुसते ‘घ्या’ अथवा ‘नको’ असे सांगून भागत नाही. कारणे द्यावी लागतात.

प्रथम ‘नवी’ या शब्दाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू आपले बाह्य रूप सतत थोडेथोडे पालटत असतो. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, म्हणजे फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी व सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कोणते विषाणू असावेत याची शिफारस करते. पद्धत तीच, कारखाना तोच, फक्त आतील घटक बदललेला, अशी ही नवलाई असते. पेरणीसाठी दरसाल नवे बियाणे आणले म्हणून शेती नवी होत नाही, तसेच हे. यातील एक बारकावा सांगण्यासारखा आहे. पूर्वी चार घटकांची मिळणारी लस आता तीन घटकांची दिसू लागली, तर त्यात काही कपात झाली असे समजू नये. बी गटातील ‘यामागाता’ या शाखेचा विषाणू मार्च 2020 नंतर जगात खात्रीने आढळलेला नाही. म्हणून 2023 पासून तो वगळण्याची शिफारस करण्यात आली.

खऱ्या अर्थाने नव्या लशीचा प्रसंग महाराष्ट्राने 2009-10 मध्ये अनुभवला. त्या साथीतील देशातील पहिला मृत्यू 3 ऑगस्ट 2009 रोजी पुण्यात झाला. ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. पुण्यातील शाळा, चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवावी लागली. 23 ऑगस्टला गणेश चतुर्थी होती, आणि कुंभार्ली घाट उतरून व मुंबईहून महामार्गाने चाकरमानी कोकणात येण्याचे ते दिवस होते. त्या वेळी लस असती तर ती घेण्यासाठी रांगा लागल्या असत्या. परंतु देशात तयार झालेल्या लशी आल्या त्या 2010 च्या जून-जुलै महिन्यांत. त्यांपैकी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस सुईवाटे नव्हे, तर नाकात फवारून द्यावयाची होती. तिच्यातील विषाणू जिवंत पण दुर्बल केलेला असतो. थंडाव्यात वाढण्याची सवय लावल्यामुळे तो नाकाच्या शीतल भागात वाढू शकतो, फुप्फुसांच्या उबेत मात्र वाढू शकत नाही. लस हाती आली तोवर लोकांच्या मनातील भीती पुष्कळशी ओसरली होती. 10 ऑगस्ट 2010 रोजी जागतिक साथ संपल्याचेही जाहीर झाले. विषाणू मात्र गेला नव्हता. 2015 साली देशात या रोगाचे बेचाळीस हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले व सुमारे तीन हजार माणसे दगावली. भीती आणि धोका हे दोन्ही एकाच वेळी येतात असे नाही, हे त्या सहा वर्षांनी दाखवून दिले.

उलट बाजूचे उदाहरणही लपवून ठेवू नये. 1976 च्या आरंभी अमेरिकेतील फोर्ट डिक्स या लष्करी तळावर एका सैनिकाचा अशाच विषाणूने मृत्यू झाला. 1918 सारखी साथ येईल या धास्तीने तेथे ऑक्टोबरपासून चार कोटींहून अधिक लोकांना लस देण्यात आली. साथ आलीच नाही. मात्र लस घेतलेल्यांत गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे, लाखामागे सुमारे एक या प्रमाणात, अधिक रुग्ण आढळले. डिसेंबरात मोहीम थांबविण्यात आली. आजच्या लशींबाबत असा धोका आढळला तेव्हा तो दहा लाखांमागे एक-दोन इतकाच दिसला आहे. लशीला विरोध करणारे 1976 चा दाखला देतात आणि समर्थक तो टाळतात. माझ्या मते दोघेही चुकतात. लाखात एकाचा धोका साथ नसताना मोठा ठरतो. दारात साथ उभी असताना तोच क्षुल्लक ठरतो. म्हणून केवळ लशीकडे पाहून निर्णय होत नाही. समोर कोणता रोग आहे आणि तो कोणाला गाठणार आहे, हे शेजारी मांडावे लागते.

कोणाला गाठणार, याचे उत्तर दर साथीला सारखे नसते. 1918 च्या साथीला आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत. त्या वर्षी 6 ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत 768 मृत्यूंची नोंद झाली, आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली असे अंदाज आहेत. त्या साथीत ऐन कर्त्या वयाची माणसे व गरोदर स्त्रिया मोठ्या प्रमाणावर बळी पडल्या. 2009 च्या साथीतही गरोदर स्त्रियांना धोका अधिक होता. नेहमीच्या वर्षी मात्र साठी-पासष्टी ओलांडलेले वृद्ध, पाच वर्षांखालील मुले, तसेच मधुमेह, दमा, हृदय व मूत्रपिंड यांचे रुग्ण यांची काळजी अधिक. धडधाकट तरुणाने लस घेतली नाही तर बहुधा त्याचे चार दिवस अंथरुणात जातील; घरात म्हातारी आई किंवा तान्हे मूल असेल तर तो हिशेब बदलतो.

तान्ह्या मुलाचा मुद्दा विशेष विचारात घ्यावा. सहा महिन्यांखालील बालकास ही लस देता येत नाही. त्याला संरक्षण मिळते ते गरोदरपणी लस घेतलेल्या आईच्या रक्तातून. आपल्याकडे मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते. ते दिवस श्रावण-भाद्रपदात आले तर घर पाहुण्यांनी भरलेले असते, आणि मुंबईचा खोकलाही सोबत येतो. अशा मुलीला मृत विषाणूची, सुईवाटे द्यावयाची लसच चालते. नाकात फवारण्याची जिवंत लस गरोदरपणी देत नाहीत. ही विचारणा डॉक्टरांकडे स्पष्ट शब्दांत करावी.

लशीकडून अपेक्षाही बेताची ठेवावी. लशीतील घटक आणि फिरता विषाणू यांचा मेळ चांगला बसला, तर दवाखाना गाठावा लागेल इतक्या आजाराचा धोका साधारणपणे 40 ते 60 टक्क्यांनी कमी होतो. वृद्धांत काहीसा कमीच. ‘लस घेतली तरी ताप आला’ ही तक्रार चिपळुणात अधिक ऐकू येणे स्वाभाविक आहे, कारण येथे पावसाळी ताप एक नव्हे. वाशिष्ठीच्या पुराच्या पाण्यातून व भातखाचरांतून होणारा लेप्टोस्पायरोसिस, शिवाय हिवताप व डेंग्यू, यांवर फ्ल्यूची लस काहीच करीत नाही. यास्तव लस घेतलेल्या माणसानेही ताप अंगावर काढू नये. चिखलात काम करणाऱ्याने तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.

आता वेळेविषयी. महाराष्ट्रात फ्ल्यूचा मुख्य भर पावसाळ्यात असतो, काही वेळा हिवाळ्यातही तो डोके वर काढतो. लशीचा गुण येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि तो वर्षभरही पुरेसा टिकत नाही. तेव्हा एप्रिल-मे हाच योग्य काळ. या सुमारास दक्षिण गोलार्धाच्या शिफारशीनुसार बनविलेली लस मिळू शकते. वेष्टनावरील वर्ष व मुदत वाचून घ्यावी. मागील हिवाळ्यातील शिल्लक साठा नवा म्हणून पदरी पडू नये. नऊ वर्षांखालील मुलास ही लस प्रथमच देत असल्यास चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, म्हणजे तयारी आणखी आधी हवी.

ही लस बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणाच्या नित्य यादीत नाही. बहुतेकांना ती स्वखर्चाने घ्यावी लागते. 2015 च्या साथीत राज्य शासनाने गरोदर स्त्रिया व मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण अशा जोखमीच्या गटांसाठी ती मोफत देण्याचा निर्णय घेतला होता. यंदा साठा कोणत्या केंद्रात आहे याची चौकशी कामथे येथील उपजिल्हा रुग्णालयात किंवा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आगाऊ करावी. घरात पैसा एकाच मात्रेपुरता असेल, तर ती कर्त्या पुरुषाला नव्हे, गरोदर सुनेला किंवा दमेकरी सासऱ्याला द्यावी.

पंचायतीला यात एक काम निश्चित करता येते. लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात राहिली पाहिजे. ती गोठली तरी निकामी होते. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाणे येथे नवे नाही, आणि 22 जुलै 2021 च्या पुराने शहराची काय दशा केली ते सर्वांनी पाहिले आहे. आपल्या केंद्रातील लशीचा शीतकपाट पुराच्या रेषेच्या वर आहे काय, त्याला जनित्राची जोड आहे काय, तापमानाची नोंदवही रोज दोन वेळा भरली जाते काय, हे मे महिन्याच्या मासिक सभेत विचारून घ्यावे. त्याच सभेत आशा कार्यकर्तीकडून ऑगस्ट-सप्टेंबरात प्रसूत होणाऱ्या स्त्रियांची यादीही मागवून घ्यावी.